अंधार कुठे ठेवायचा

लाइट बसवून घ्यायला येणारा माणूस वॅटमध्ये बोलतो. "मिस्त्री, चाळीसचा नको, साठचा टाका. समोरचा गप बाजूला झाला पाहिजे." सोबत आणलेल्या खोक्यावरचा आकडा बघितला तर वाटावं, या दोन दिव्यांवर गावची जत्रा उजळून निघेल. मी खोका बाजूला ठेवतो आणि विचारतो, "रात्रीचं जाणं कुठं असतं?"

कराडच्या हायवेलगत मोटारसायकलींचं वायरिंग करायचं तर हा प्रश्न आधी विचारावा लागतो. कुणी पहाटे डेअरीला दूध घालायला जातो. कुणी रात्रपाळी सुटली की एमआयडीसीतून गावाकडे निघतो. कुणी शनिवारी रात्री कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठतो. तिघांना एकच लाइट चालत नाही. तिघांना सांगायचं मात्र एकच असतं. उजेड किती पाहिजे ते नंतर बघू, अंधार कुठे राहू द्यायचा ते आधी ठरवू.

खोक्यावर लिहिलेले लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण बाहेर पडणारा उजेड. रस्त्यावरच्या एखाद्या जागी त्यातला किती पोचला, ते लक्समध्ये मोजतात. रानात पाणी पाजताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी लांबच्या सरीपर्यंत जातं, अंगठा काढला की पायाशी चिखल होतो. दिव्याची काच आणि आतला रिफ्लेक्टर हे या अंगठ्याचं काम करतात. स्पॉट लाइट उजेड आवळून लांब फेकतो, फ्लड तो जवळच पसरवतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की त्याच दिव्याचा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे नुसते वॅट दुप्पट केल्याने नजर दुप्पट लांब जात नाही.

नजर किती लांब जायला हवी, याचा हिशोब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेकवर हातपाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक मारून थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण ४५ च्या घरात. ताशी ८० ला हाच आकडा ७० मीटरच्या आसपास जातो, आणि ओल्या रस्त्यावर त्याच्याही पुढे. तुमच्या डिपरचा उजेड ४० मीटरवर संपत असेल आणि काटा ८० वर असेल, तर मधले ३० मीटर तुम्ही देवाच्या भरवशावर चालवताय. गाळप हंगामात आमच्या भागात या ३० मीटरमध्ये बहुधा उसाची ट्रॉली असते. एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला.

मग सगळेच म्हणतात, लांबही पाहिजे आणि जवळही पाहिजे, दोन्हीकडे भरपूर टाका. इथेच गाडं अडतं. डोळ्याची बाहुली समोरच्या सगळ्यात उजळ जागेप्रमाणे लहानमोठी होते. पुढच्या चाकासमोरचा दहा मीटरचा पट्टा दुधासारखा पांढरा केला, की डोळा त्या पट्ट्याशी जुळवून घेतो आणि ५० मीटरवरची काळी म्हैस अंधारात विरघळते. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय झकास दिसतंय! चाकासमोरचं बघून उपयोग नसतो, कारण तिथे जे काही आहे त्याला चुकवायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून जवळचा उजेड मी मुद्दाम बेताचा ठेवतो.

दुसरा अंधार खड्ड्यातला. खड्डा आपल्याला सावलीमुळे दिसतो. दिवा डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे आरशाजवळ किंवा हँडलवर बसवला, तर सावली खड्ड्याच्या अलीकडच्या कडेमागे आपल्या नजरेआड पडते आणि रस्ता सपाट भासतो. तोच दिवा खाली लेगगार्डवर घेतला की उजेड तिरपा येतो, खड्ड्याची अलीकडची कड काळी उठते, आणि पांढरे पट्टे न मारलेला स्पीडब्रेकरही कळतो. दोन्ही दिवे एकमेकांपासून लांब, लेगगार्डच्या दोन टोकांना बसवण्याचा आणखी एक फायदा आहे. एकटा हेडलाइट समोरून येताना जवळ आहे की लांब, याचा अंदाज येत नाही. खाली दोन आणि वर एक असा त्रिकोण दिसला की समोरच्याला गाडीचं अंतर उमगायला मदत होते.

घाटाचं गणित वेगळं. मोटारसायकल वळणावर कलते, तिच्यासोबत हेडलाइटचा उजेडही कलतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला तो रस्त्यावर लवकर आपटून संपतो. नेमकी तिथेच आपल्याला नजर टाकायची असते. हेअरपिनवर तर स्पॉट लाइट सरळ दरीत जातो आणि तिथला अंधार उजळत बसतो. त्यामुळे कुंभार्लीला किंवा आंबा घाटाला नेहमी जाणाऱ्याला मी रुंद, आडवा पसरणारा लाइट सुचवतो. चौपदरी रस्त्यावर लांब पल्ला धावणाऱ्याला स्पॉट उपयोगी. ज्याला दोन्ही लागतं त्याने दोन्हींची बटणं वेगळी ठेवावीत.

पावसाळ्यात धुक्यासाठी पिवळे लाइट मागतात. पिवळा उजेड धुकं कापतो, असं आमच्या लाइनमध्ये सगळेच सांगतात. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळतात. पिवळ्याचा फायदा डोळ्याला होतो. निळसर पांढऱ्या उजेडाची चकाकी जास्त टोचते, ती पिवळ्यात कमी असते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असायचे. धुक्यात रंगापेक्षा उंची आणि कड महत्त्वाची. दिवा खाली हवा आणि उजेडाची वरची कड धारदार कापलेली हवी. नाहीतर उजेड धुक्यावर आपटून डोळ्यात परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अप्पर मारला की ती भिंत आणखी जाड होते.

एवढं ऐकूनही ज्याला लाइट घ्यायचेच असतात, त्याची गाडी मी आधी मीटरवर घेतो. जुन्या हॅलोजनच्या गाडीत बॅटरीपाशी १३ व्होल्ट असतात आणि बल्बपाशी १२ पोचतात. गंजलेली अर्थिंग, ढिला कपलर, बारीक वायर यांत मधला व्होल्ट मुरतो. एक व्होल्ट गेला की हॅलोजनचा उजेड साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो. अर्थिंग घासून, कपलर बदलून, हेडलाइटची काच पुसून कितीतरी जणांचं काम भागलं आहे. हेल्मेटची ओरखडे पडलेली काच बदलली तरी समोरच्या दिव्याचा उजेड फाकणं कमी होतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबणं मात्र मी टाळतो. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी बसत नाही आणि डिपरची कड विस्कटते.

मग येतो करंटचा हिशोब. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, नऊ अँपिअर. लहान गाडीच्या चार्जिंग कॉइलला हे झेपत नाही. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच असतो, त्यामुळे तो लोड बंद करून वीज वाचवायची सोय नाही. २० वॅटचे दोन एलईडी घेतले तर तीन-साडेतीन अँपिअरमध्ये भागतं. खोक्यावरच्या वॅटवर मी विसंबत नाही, मीटर लावून प्रत्यक्ष करंट बघतो. मागे हवा लागेल असं ॲल्युमिनियमचं हीट सिंक आणि पाण्यासाठी निदान आयपी ६७ एवढं बघून घ्यावं. किक नसलेल्या गाडीची बॅटरी रात्री घाटात बसली, तर सगळ्यात भारी लाइटचाही उपयोग नाही.

रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज यांशिवाय मी जोडणी करत नाही. स्पॉटच्या रिलेचा ट्रिगर मी हेडलाइटच्या अप्परच्या वायरवरून घेतो. समोरून गाडी आली, अंगठ्याने डिपर मारला की स्पॉटही त्याच क्षणी विझतात. वेगळं बटण शोधावं लागलं तर माणूस ते दाबत नाही, हा माझा अनुभव आहे.

कायद्याची बाजूही सांगावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करू देत नाही. म्हणून त्या मॉडेलसाठी कंपनीची ॲक्सेसरी मिळत असेल तर आधी ती बघा, असं मी म्हणतो. बाहेरून आलेला लाइट घेताना तो कुठल्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे, हेही बघावं. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरची कड डावीकडे वर चढते आणि साइडपट्टी दाखवते. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला दिवा हीच कड उजवीकडे चढवतो, थेट समोरच्याच्या डोळ्यात.

शेवटचं काम सेटिंगचं. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करायची, मालकाला बसवायचं, मागे माणूस किंवा दुधाचे कॅन नेहमी असतील तर तेही ठेवायचे. मागे वजन पडलं की गाडीचं तोंड उचललं जातं आणि उजेड वर चढतो. पाऊण मीटर उंचीवरचा दिवा भिंतीवर १० सेंटिमीटर खाली उतरवला, तर त्याची कड रस्त्याला ७५ मीटरवर टेकते. २० सेंटिमीटर उतरवला तर ३७ वर. वर काढलेला ब्रेकचा हिशोब इथे नटबोल्टला येऊन भिडतो.

त्यानंतर मालकाला खाली उतरवून मी स्वतः गाडीवर बसतो आणि त्याला समोर पाठवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०६ व्या नियमात जागा नेमून दिली आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. तिथल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. समोरचा बाजूला झाला पाहिजे म्हणणाऱ्यांना तिथे जरा वाकून उभं करावं लागतं. कुणी हात डोळ्यांवर धरला की मी पाना उचलून दिवा आणखी खाली घेतो. आणि बिल त्याने हात खाली केल्यावरच बनवतो.