२१ दिवस

सरकारी नोकराचा परदेशप्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो आस्थापना शाखेच्या टपालात सुरू होतो. केंद्र सरकारच्या सेवेतील माणसाला स्वखर्चाने, स्वतःच्या रजेत, कुटुंबासह सहलीला जावयाचे असले तरी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. कोणते देश, अंदाजे खर्च किती, पैसा कोठून येणार, गेल्या ४ वर्षांत खासगी कारणाने कोठे कोठे जाणे झाले, हे सारे विहित नमुन्यात लिहून द्यावयाचे. (रजा प्रवास सवलतीत लंडनही बसते असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. तो दूर करण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.)

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही चौघांनी लंडनला जावयाचे ठरविले. निमित्त आईचे. सातारा जिल्ह्यातील एका शाळेत तिने २८ वर्षे भूगोल शिकविला. मूळ रेखावृत्त फळ्यावर खडूने असंख्य वेळा काढले. ग्रीनिचला जाऊन एकदा त्यावर उभे राहावे एवढीच तिची इच्छा. वय ७४, गुडघे कुरकुरणारे. पुढील वर्षी कन्येची दहावी. आता नाही तर बहुधा कधीच नाही.

माझी नेमणूक कोलकात्यास. येथून युरोपात थेट जाणे एके काळी सोपे होते. ब्रिटिश एअरवेजने येथली लंडनची सेवा २००९ मध्ये थांबविली, लुफ्तान्साने फ्रँकफर्टची २०१२ मध्ये. आम्ही निघालो तेव्हा मार्ग दोनच होते : दुबई, दोहा वा अबुधाबीवरून जाणे, किंवा मुंबई-दिल्ली गाठून तेथून थेट. दुसरा मार्ग कागदावर स्वस्त दिसतो. परंतु दोन स्वतंत्र तिकिटे काढली आणि पहिल्या विमानास उशीर झाला, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. सामान उतरवून पुन्हा सोपवावे लागते. मुंबईस देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरले तर टर्मिनल २ पर्यंत रस्त्याने जाणे आले. त्यात मे महिना म्हणजे इकडे कालबैशाखीच्या वादळांचे दिवस, सायंकाळची विमाने केव्हा सुटतील याचा भरवसा नाही. आईला घेऊन हा जुगार नको, म्हणून एकाच तिकिटावरील दोह्याचा मार्ग धरला. तेथेही सर्वांत स्वस्त तिकिटात ११ तासांचा रात्रीचा थांबा होता. माणशी ६ हजार अधिक मोजण्याची तयारी ठेवली, तेव्हा तो ३ तासांवर आला.

विमानाचे भाडे असे एक नसतेच, हे मला त्या दिवसांत कळले. एकाच वर्गातील जागा निरनिराळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की त्यापुढचा उघडतो. चार जागा एकदम मागितल्या आणि स्वस्त गटात तीनच उरल्या असल्या, तर चारही जागांना वरचा दर लागतो. म्हणून आधी एका जागेचा भाव पाहावा, मग दोनचा, मग चारचा, आणि फरक दिसला तर दोन-दोनची तिकिटे काढावीत. ब्रिटनमधून परतताना तिकिटात प्रवासी कर असतो, तो साध्या वर्गातील १६ वर्षांखालील मुलांना माफ आहे. कन्येच्या तिकिटात तो लागलेला नाही ना, हे मी दोनदा तपासले. हिशेबतपासनिसांच्या सहवासाचा हा परिणाम असावा.

व्हिसा झाले होते, राहिली होती ती खात्याची परवानगी. अर्ज दिला त्या दिवशी भाडे माणशी ६८ हजार होते. बाराव्या दिवशी ७४ झाले. रोज जेवणानंतर मी संगणकासमोर बसे आणि सौ. स्वयंपाकघरातून केवळ आकडा विचारी.

याच सुमारास आमच्या कार्यालयास गाड्या पुरविणारे ठेकेदार काही कामाने आले. त्यांच्या बंधूंचा प्रवासी व्यवसाय. "साहेब, ५२ मध्ये करून देतो, तारखा फक्त सांगा," ते म्हणाले. आचरण नियम, १९६४ मधील १३ वा नियम भेटवस्तूविषयी आहे. विनामूल्य प्रवास आणि इतर आर्थिक लाभ, कार्यालयीन संबंध असलेल्याकडून आला तर, तो भेटच मानतो. वाटेत सहज मिळालेली लिफ्ट तेवढी वगळतो. लंडनपर्यंतची लिफ्ट सहज म्हणता येईना. मी नको म्हटले. घरी हे सांगितल्यावर सौ. काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने आकडाही विचारला नाही.

२०१५ च्या आदेशानुसार परिपूर्ण अर्जावर २१ दिवसांत निर्णय कळवावयाचा असतो. न कळविल्यास परवानगी मिळाली असे अर्जदाराने समजावे. गंमत अशी की सरकारी दौऱ्याचे तिकीट किमान २१ दिवस आधी काढावे, म्हणजे स्वस्त पडते, असेही सरकारच सांगते. माझ्या अर्जावर काहीच उत्तर आले नाही. बाविसाव्या दिवशी मी दोन तिकिटे ७५ हजारांनी आणि दोन ७९ हजारांनी काढली. आईसाठी चाकांच्या खुर्चीची नोंद केली, तिला पैसे पडत नाहीत. ३६ हजार अधिक गेले.

त्या प्रतीक्षेत मला आमच्या बडोबाबूंचा अर्ज आठवू लागला. २०२२ मध्ये कन्येच्या बाळंतपणासाठी ते पत्नीसह मेलबर्नला गेले होते. मंजुरी देणारा अधिकारी मी. धारिका माझ्या मेजावर २६ दिवस होती. त्यात काही गैर होते म्हणून नव्हे, दुसरी कामे अधिक तातडीची वाटली म्हणून. बाविसाव्या दिवशी नियमावर विसंबून तिकीट काढणे माझ्यासारख्याला जमते. बडोबाबूंनी कागदाची वाट पाहिली होती.

ग्रीनिचला आई त्या पट्टीवर उभी राहिली, एक पाय पूर्वेस, एक पश्चिमेस, आणि नातीला भारतात आता किती वाजले असतील ते तोंडी करावयास लावले. उन्हाळी वेळेचा तास विसरल्याबद्दल नातीला बोलणीही बसली.

परतल्यावर बडोबाबूंना चॉकलेटचा डबा दिला आणि धीर करून विचारले, "त्या वेळी माझ्या सहीला उशीर झाला. तिकिटाला किती जास्त पडले हो?"

त्यांना आठवावे लागले नाही. "बत्तीस हजार चारशे, सर," ते म्हणाले. "दोघांचे मिळून."