ओळखा पाहू, कोण?

अंकुशनगरच्या शिवारात पूर्वी ज्वारी-बाजरीवर भागत होतं. पैठणच्या धरणाचा डावा कालवा आला, साखर कारखाना झाला आणि उसाचे मळे उभे राहिले. उसाबरोबर रानातली जनावरंही घराजवळ आली. दिवसा लपायला गारवा आणि रात्री प्यायला पाटाचं पाणी. त्यांना आणखी काय हवं?

आमच्या आखाड्यावर दिवेलागणीनंतर एक खेळ चालतो. तो मांडतात माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते, पोरं आबा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू झाली आहे, पण आवाज खणखणीत.

"नावात गाय, दिसायला घोडा, आणि लेंड्या टाकायची जागा ठरलेली. ओळखा पाहू, कोण?"

"रोही!" पोरं ओरडतात. रोही म्हणजेच नीलगाय.

"वैऱ्याला पाठ दाखवतं, पण पळायला नव्हे, चाल करून जायला."

"साळिंदर!"

साळिंदर काटे बाणासारखे फेकतं, असं पुष्कळांना वाटतं. आबा ते खोडून काढतात. ते पाठमोरं अंगावर येतं आणि सैल काटे टोचून निघून येतात, एवढंच. मग खवले मांजराची पाळी. तोंडात दात एकही नाही, उधई आणि मुंग्या जिभेनं टिपून खातं, भ्यालं की अंगाचा चेंडू करतं आणि पिल्लाला शेपटीवर बसवून हिंडतं. त्याच्या खवल्यांत औषध आहे म्हणून लोक त्याला मारतात. खरं तर आपली नखं ज्याची, त्याचीच ती खवलं. उधई खाणारा आपला फुकटचा राखणदार मात्र जिवाला मुकतो.

म्हातारपणी वेळ घालवायचा हा उद्योग, असंच मी धरून चालले होते.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या उसाला तोड आली. टोळीच्या कोप्या बांधाला पडल्या. चौथ्या दिवशी पहाटे एकच गलका झाला. कोप्यांवरचं एक कुत्रं रात्रीतून गेलं होतं. एका बाईनं अंधारात मोठं जनावर फडात शिरताना पाहिलं होतं. मुकादम धावत आला.

"आबा, वाघ हाये. बायामाणसं फडात शिरंनात."

तासाभरात गावातून तीस-चाळीस माणसं जमली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कुऱ्हाड. चहूकडून फड पेटवून जनावर बाहेर काढायचं, असा बेत ठरू लागला. माझ्या पोटात गोळा आला. ऊस जळेल तो जळेल, पण भडकलेलं जनावर कुणाच्या अंगावर येईल याचा नेम काय?

माझी धाकटी लेक सहावीत आहे. ती पाटाच्या कडेला चिखलात वाकून बघत होती. एकदम म्हणाली, "आबा, नखं उमटलीत."

मामंजी तिचा हात धरून तिथं गेले. "पुढचा पाय केवढा, मागचा केवढा?"

"पुढचा मोठा, मागचा लहान. चार-चार बोटं."

"बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. त्याच्या पावलात नखं सहसा उमटत नाहीत. विष्ठा दिसती का कुठं?"

थोडं पुढं ती सापडली, चुन्यासारखी पांढरी. हाडं चावून खाणाराची अशी असते.

"तरस," लेक म्हणाली. ज्या बाईनं पाहिलं होतं तिला मामंजींनी विचारलं, "पाठ उतरती होती का गं, पुढं उंच आणि मागं खाली?" तिनं मान हलवली.

माणसं लगेच पांगली नाहीत. "पोरीच्या बोलण्यावर फडात शिरायचं का?" असं कुणीतरी म्हणालंच, आणि त्याचं चुकत नव्हतं. म्हणून १९२६ या वनखात्याच्या नंबरावर फोन केला. दुपारी वनरक्षक आले, ठसे पाहिले आणि तरसच असल्याचं सांगितलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची हकीकत त्यांच्याकडून कळली. तिथं डॉ. विद्या अत्रेय यांनी उसाच्या मुलखात कॅमेरे लावून जनावरं मोजली. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे निघाले आणि जवळजवळ तितकेच तरस. म्हणजे अंधारात दिसलेलं प्रत्येक मोठं जनावर बिबट्या नसतं. पण कधी तो असतोही. म्हणून त्यांनी बजावलं, "तरस असला तरी लेकरं उघड्यावर निजवू नका. रात्री उजेड ठेवा, मेलेलं जनावर जवळ टाकू नका."

एका बाजूनं वाट मोकळी ठेवून तोड पुन्हा सुरू झाली. पुढच्या रात्री तरस निघून गेला असावा. पुन्हा ठसे दिसले नाहीत.

त्या रात्री मामंजी जेवले नाहीत. मी पाणी घेऊन गेले तेव्हा आपणहून बोलले.

"सूनबाई, बहात्तरच्या दुष्काळात जनावरं पटापटा मरत होती. ओढ्याकाठी असंच एक मेलेल्या बैलावर आलं होतं. 'वाघ!' म्हणून पहिली आरोळी मी ठोकली. सगळ्यांनी घेरून ठेचलं. मेल्यावर बघतो तर पट्ट्यांचा तरस. मादी होती, आचळात दूध होतं. पिल्लं कुठल्या बिळात होती, कुणी बघायलाही गेलं नाही."

त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आज तरसाला मारणं गुन्हा आहे. मामंजींना तेव्हा कायदा ठाऊक नव्हता, पण ती आचळं ते विसरले नाहीत. पन्नास वर्षं हा खेळ ते का मांडत आले, ते मला त्या रात्री कळलं.

मायबहिणींनो, पोरांना रानाची भीती घालणं सोपं असतं. भीतीबरोबर जनावराची खूणही सांगत चला.

दुसऱ्या दिवशी कोप्यांवरची चार पोरं आमच्या ओट्यावर येऊन बसली. मामंजी म्हणाले, "आज तुम्ही घाला, आम्ही ओळखतो."