आमचुराला गाव असतं

आम्सटरडॅमच्या उत्तरेला झान्दामकडे वारा फिरला की रस्त्यावर कोकोचा वास येतो. जगात सर्वांत जास्त कोको उतरतो तो आम्सटरडॅमच्याच बंदरात. आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या बिया इथल्या कारखान्यांत भाजल्या-दळल्या जातात. नंदुरबारहून नोकरीसाठी आलेल्या माणसाला त्या वासासरशी मिरचीच्या पथाऱ्या आठवतात. हिवाळ्यात बाजाराभोवती मैदानंच्या मैदानं लाल झालेली, ठसका लागत असतानाही देठं खुडत बसलेल्या बाया, आणि भाव मात्र तिसराच कोणीतरी सांगणार. कोकोचंही तेच.

इथे टोनीज चोकोलोनली नावाचं चॉकलेट फार खपतं. भारतातून आलेला पाहुणा हमखास तक्रार करतो की याचे तुकडे सारखे का पडत नाहीत! ते मुद्दामच वेडेवाकडे पाडलेले असतात, कारण या धंद्यात कुणाच्याच वाट्याला सारखं काही येत नाही. एका डच टीव्ही पत्रकाराने चॉकलेट खाल्लं आणि गुलामीतून आलेला माल जाणूनबुजून खाल्ला म्हणून स्वतःलाच कायद्याच्या हवाली करायला तो निघाला. खटला उभा राहिला नाही. 2005 मध्ये त्याने स्वतःच 5,000 वड्या बनवल्या, तेच हे टोनीज. नाटकीपणा भरपूर, पण विक्रीही झाली.

खरी गंमत दुकानांची आहे. नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराचं पहिलं ‘जागतिक दुकान’ 1969 मध्ये ब्रूकेलेन गावात उघडलं. अशी दुकानं स्वयंसेवकांच्या जिवावर चालत. आधीच पटलेली माणसंच तिथे येत. 1988 मध्ये मॅक्स हॅवेलार हा शिक्का आला, मेक्सिकोची कॉफी नेहमीच्या दुकानांत शिरली आणि तिथून चित्र पालटलं. अल्बर्ट हाइन या इथल्या सर्वांत मोठ्या साखळीने 2019 मध्ये आपल्या स्वतःच्या डेलिकाटा चॉकलेटसाठी टोनीजच्या पद्धतीने कोको घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी थकून दूध-पाव घ्यायला आलेला माणूस पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत बसत नाही. डोळ्यांसमोरच्या फळीवर जे असेल, ते तो उचलतो. म्हणजे निवड त्याच्या आधी दुकानदारानेच केलेली असते.

शिक्का लागला म्हणजे सगळं सुतासारखं सरळ झालं, असं मात्र नाही. फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या संस्थेने 2019 मध्ये कोकोचा किमान भाव टनाला 2,400 डॉलर केला, वर गावाच्या कामांसाठी 240 डॉलर. तरी शिकागो विद्यापीठाच्या 2020 च्या अहवालात आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या कोको भागांत 15 लाखांहून जास्त मुलं बालमजुरीत आढळली. टोनीजचं नावही 2021 मध्ये ‘गुलामीमुक्त’ चॉकलेटच्या एका यादीतून निघालं, कारण त्यांचा कोको ज्या बड्या कंपनीकडे दळला जातो तिच्या पुरवठ्याबद्दल आक्षेप होते. टीका रास्तच होती. पण ती करता आली, कारण माल कुठून आला हे कुणीतरी आधी विचारलं होतं.

आम्सटरडॅमजवळच्या आम्सटलवीनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथल्या भारतीय किराणा दुकानांत हे विचारणारं कुणी भेटत नाही. आमचुराच्या पुडीवर फक्त ‘भारतात उत्पादित’ एवढंच. तो आमचूर सातपुड्याचा असेलही, नसेलही. उन्हाळ्यात नंदुरबारकडच्या धडगाव-मोलगीच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं गावरान कैऱ्या उतरवतात, सोलतात, चिरतात आणि खडकांवर वाळत घालतात. लहानथोर सगळे त्यात असतात. अवकाळीचा एक शिंतोडा आला की फोडी काळ्या पडतात आणि व्यापाऱ्याच्या तराजूपुढे बोलायला तोंड उरत नाही. त्याच जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट. पण मानांकन गाव सांगतं, शेतकऱ्याला काय मिळालं ते सांगत नाही.

कोकोला जे जमलं ते आमचुराला, मोहाला, मिरचीला जमू नये असं काही नाही. धडगावच्या महिला गटाचा आमचूर, गटाचं नाव आणि दिलेला भाव पुडीवर छापून एका फळीवर ठेवला, तर दुकानदाराचं फार काही अडणार नाही. चॉकलेटवर दीड युरो जास्त मोजणारी मराठी मंडळी चटणीसाठी ते मोजणार नाहीत, हे पटत नाही. पुढच्या वेळी किराणा घ्यायला जाल तेव्हा गल्ल्यावर एवढंच विचारा: हा आमचूर कोणत्या गावचा? चार गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार घाऊकवाल्याला विचारतो.