डोंबाऱ्याची काठी आणि आपला तोल

लहानपणी आमच्या गावच्या आठवडी बाजारात डोंबारी यायचे. ढोलकी वाजायची, बांबूंवर दोर ताणला जायचा आणि माझ्याच वयाची एक मुलगी हातात लांब काठी आडवी धरून त्यावरून चालायची. ती काठी नुसती शोभेची असावी, असं मला तेव्हा वाटे.

तुम्ही उभे असता तेव्हा शरीराचा गुरुत्वमध्य दोन पावलांच्या जागेवर असावा लागतो. जमिनीवर ही जागा ऐसपैस असते, दोरावर जेमतेम बोटभर. तिथे शरीर कलणारच. पण लांब काठीचं वजन शरीरापासून दूरवर पसरलेलं असतं आणि असं वजन पटकन फिरत नाही. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. त्यामुळे ती मुलगी कलते, पण हळू कलते. उजवीकडे तोल जाऊ लागला की ती काठीचं उजवं टोक खाली नेते आणि प्रतिक्रियेने तिचं शरीर डावीकडे येतं. काठी तिला सावरायला वेळ मिळवून देते.

आपणही उभे असताना सतत थोडे कलत आणि सावरत असतो. आपण कललो ही खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे. मधुमेहात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, तर तळपायाच्या नसा बधिर होऊ शकतात. दिवसा डोळे ती उणीव भरून काढतात, म्हणून लक्षात येत नाही. अंधारात मात्र खबर उशिरा पोहोचते.

माझ्या वडिलांना पंधरा वर्षं मधुमेह. एकदा ते म्हणाले, "अरे, चप्पल पायातून कधी निसटते, कळतच नाही." मी त्यांना पट्ट्याची चप्पल आणून दिली आणि विसरलो. काही महिन्यांनी रात्री दिवा न लावता ते बाथरूमला निघाले, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांची साखर मी नेमाने तपासत होतो. डोळे मिटून उभं करून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, ते मी कधी केलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो:

- चप्पल नकळत निसटते, गादीवर चालल्यासारखं वाटतं किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर झोक जातो, असं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्या.
- रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा चालू ठेवा, सैल पायपुसणी काढून टाका.
- काठी मनगटाच्या उंचीची, रबरी बूच लावलेली घ्या. एक पाय दुखरा असेल तर ती दुसऱ्या बाजूच्या हातात धरा.

"काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतात," असं बरेच जण सांगतात. हातातली काठी डोंबाऱ्याच्या काठीपेक्षा वेगळं काम करते. ती आधाराची जागा रुंद करते आणि जमिनीची खबर तळपायाऐवजी तळहातातून मेंदूला देते. बधिर पायांना हीच खबर हवी असते.

वडील आता काठी घेऊनच फिरायला जातात. निघताना म्हणतात, "चल, दोरावर चढतो." मी हसतो, पण पायांकडे बघूनच.