सड्यावरची रेघ

चाळकेवाडीच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, माझ्या सायकलीने काढलेली रेघ चौदा महिन्यांनंतरही तशीच होती. मी ती शोधतच आलो होतो. पवनचक्क्यांच्या मुरमाड रस्त्याच्या पुढे जुनी गाडीवाट लागते, तिच्या डाव्या अंगाने रेघ निघते आणि चाळीस-पन्नास पावलांवर पुन्हा वाटेला मिळते. भोवतीचं गवत पिवळं पडलं होतं. रेघेत मात्र गवताची काडीही नव्हती.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मी इथून एकटा गेलो होतो. धुकं दाट, पाऊस भुरभुरत होता आणि गाडीवाटेत रेंदाड साचलं होतं. चिखल चेनमध्ये गेला की गिअर अडतात, एवढं कारण मला पुरेसं वाटलं. बाजूला हिरवंगार सपाट रान होतं, तेरडा फुलला होता. टायरची थोडी हवा सोडली आणि हँडल तिकडे वळवलं. रुंद टायर ओल्या जमिनीत अलगद रुतत गेला. मला त्या वेळी फार आनंद झाला होता.

या वेळी नोव्हेंबर होता आणि सोबत सांगलीचा मित्र. साताऱ्याच्या बोगद्यातून अंधारातच निघालो. सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघर, मग चाळकेवाडी. सीटखाली कपड्यांची लांबट बॅग, हँडलला बांधलेला तंबू, फ्रेमच्या त्रिकोणात पाणी आणि हत्यारं. तीन दिवसांत चांदोली गाठायची होती. नकाशात हे अंतर थोडं दिसतं. पण उरमोडी, कोयना, वांग, वारणा या सगळ्या नद्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून निघून पूर्वेला कृष्णेकडे जातात. आपण उत्तरेकडून दक्षिणेला निघालो की प्रत्येक खोरं आडवं येतं. एक उतरायचं, दुसरं चढायचं. आणि दोन खोऱ्यांच्या मधल्या माथ्यावर सडा.

मी गुडघे टेकून रेघ निरखली. चार बोटं रुंद. तळाशी तांबडा जांभा उघडा पडलेला. काठाची माती जेमतेम दोन बोटं जाड. सड्यावर माती असते ती एवढीच. खालचा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, त्यामुळे पावसात ही माती चिंब असते आणि तिच्यातलं सत्त्व धुऊन जातं. म्हणून तर दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती इथे बारीक जीव पकडून नत्राची उणीव भरून काढतात. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत रुजायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं. पुढच्या वर्षीची फुलं त्या दोन बोटं मातीतच असतात. मी ती माती दाबली होती. उरलेलं काम पाण्याने केलं होतं.

मित्र म्हणाला, "इथून गुरंही जातात की. त्यांचे खूर रुतत नाहीत?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मला येत नव्हतं. ते दिलं म्हशी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आम्ही काय बघतोय हे त्याने आधी नीट विचारून घेतलं. मग काठीचं टोक रेघेत टेकवून म्हणाला, "खुराचा खड्डा हुतो, पावणं. त्यात पानी थांबतं. चाकाची नाळ हुती. पानी पळतं, आन पळताना माती घिऊन जातं."

"आबा, आता काय करता येईल?" मी विचारलं.

"आडवं दगड लावा. पानी थांबंल. पर सड्यावरचं उचलू नगा, त्येच्याखाली जीव ऱ्हात्यात."

रस्त्याच्या कडेला खडीचा जुना ढीग होता. त्यातले मोठे दगड आम्ही एकेक करून आणले आणि रेघेत आडवे बसवले. बारा दगड. तासभर गेला. म्हशी कधीच पुढे गेल्या होत्या. आबा मात्र शेवटचा दगड बसेपर्यंत उभे होते.

संध्याकाळी सडावाघापूरकडून पाटणच्या बाजूला उतरलो. दुसऱ्या दिवशी ‘दिवशी’ नावाचा घाट. सामानासकट सायकल चढावर ओढताना मान वर करायची नाही, पुढच्या चाकासमोरची दोन हात जमीनच बघायची, हे पाय आपोआप शिकतात. माथ्यावर वारा लागला तेव्हा पाठ ओलीचिंब होती. खाली ढेबेवाडी आणि वांगेचं खोरं. बिबट्याचा आणि गव्यांचा मुलूख असल्याने दिवस मावळायच्या आत वस्तीला पोचायचं, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

तिसऱ्या दिवशी गुढे-पाचगणीच्या पठारावर वाट अशी फुटली होती की चाक दगडांत अडकायचं. शेजारी सपाट, मऊ गवत. उन्हं कलायला लागली होती आणि खाली उतरायचं बाकी होतं. मित्राने एकदा गवताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग काही न बोलता उतरला आणि सायकल खांद्यावर घेतली. दगडांतून वाट काढत आम्ही पाऊण तास चाललो. हँडलची बॅग छातीवर आपटत होती, पेडल पोटरीला लागत होतं. त्या संपूर्ण प्रवासात सह्याद्री मला इतका जवळून इतर कुठेच दिसला नाही.

वारणेच्या धरणापाशी पोचलो तेव्हा उजेड होता. पलीकडे चांदोली राष्ट्रीय उद्यान, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथल्या रानात आमच्या चाकांचं काही काम नव्हतं. फाटकाच्या अलीकडे सायकली टेकवून आम्ही बराच वेळ ते गर्द रान बघत बसलो.

मान्सून आला, सड्यावर पहिली हिरवळ धरली, की मला त्या बारा दगडांपाशी जायचं आहे. सायकल रस्त्यावर ठेवून, चालत.