घडी, माया आणि इस्त्री

मराठी समीक्षेत 'इस्त्री' हा शब्द सहसा निंदेच्या प्रसंगी येतो. एखाद्या लेखकाची भाषा फार गुळगुळीत झाली, तिच्यातला बोलीचा खडबडीतपणा, घाम आणि चुरगळ नाहीशी झाली, की आपण तिला 'इस्त्री केलेली भाषा' म्हणतो. पदव्युत्तर वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा शब्दप्रयोग कधी ना कधी ऐकलेला असतो. त्यामुळे गेले काही महिने आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका इस्त्रीचा गंभीरपणे विचार करीत होतो, हे वाचून वाचकांना थोडी गंमत वाटेल. विचार रूपकातल्या इस्त्रीचा नव्हता. दुकानातून विकत घ्यायच्या, वायर असलेल्या इस्त्रीचा होता. गोधडी शिवण्यासाठी वाफेची इस्त्री घ्यायची, तर ती कशी असावी?

प्रश्न पडण्याचे कारण असे की, आमच्यापैकी एकीची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मागे राहिलेल्या कपड्यांत दोन सुती नऊवारी लुगडी, एक इरकल, एक पॉलिएस्टरची सहावारी साडी आणि वडिलांचे एक धोतर होते. भावंडे तीन. प्रत्येक कपड्याचा थोडा थोडा भाग प्रत्येकाकडे जावा, अशी तिघांचीही इच्छा. एकेका भावंडाला एकेक साडी देणे सोपे होते. पण मग इरकल कोणाला आणि पॉलिएस्टर कोणाला, हा प्रश्न आयुष्यभर घरात राहिला असता. तेव्हा सर्व कपड्यांचे सारखे चौकोन कापायचे, ते जोडायचे आणि तीन गोधड्या करायच्या, असे ठरले. कापड मोजकेच होते. जे कापले जाईल ते पुन्हा मिळणार नव्हते.

आपल्याकडच्या पारंपरिक गोधडीला खरे म्हणजे इस्त्री लागत नाही. जुनेरांचे थर एकमेकांवर अंथरायचे, कडेने टाके घालून ते स्थिर करायचे आणि धावदोरा घालत आत आत यायचे. वर ठिगळ लावायचे असेल तर त्याची कड नखाने दुमडून दाबायची. कापड कुठे सुरकुतले तर सुरकुतीसकट टाका जातो आणि पुढे तीच गोधडीची खूण ठरते. आमच्या गल्लीत गोधड्या शिवून देणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "गोधडीला कशाला गं बाई इस्त्री? माणूस झोपलं की बसते की आपोआप."

मावशींचे म्हणणे त्यांच्या गोधडीपुरते खरे आहे, कारण तिथे अखंड कापडावर अखंड कापड येते. तुकड्याला तुकडा जोडून वरचा थर तयार करण्याचे शास्त्र वेगळे आहे. प्रत्येक सांध्यात दोन्ही तुकड्यांची पाव पाव इंच माया जाते. सांधा नीट दाबला नाही आणि तिथे कापडाची एक षोडशांश इंच दुमड राहून गेली, तर एका सांध्यात काहीच दिसत नाही. पण बारा तुकड्यांच्या रांगेत अकरा सांधे येतात. अकरा वेळा एक षोडशांश म्हणजे पाऊण इंचाच्या जवळ. शेजारच्या रांगेत ही तूट वेगळी निघाली, की चौकोनांचे कोपरे एकमेकांना भेटत नाहीत. इस्त्रीचे काम इथे सुरू होते, आणि ते शोभेचे नाही, मापाचे आहे.

'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, असे मानले जाते. 'एस्तिरार' म्हणजे ताणणे. सदऱ्यावर इस्त्री करताना आपण खरोखरच ताणतो: एक हात कापड ओढतो, दुसरा इस्त्री पुढे ढकलतो. गोधडीच्या तुकड्यांना मात्र नेमके हेच चालत नाही. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेला चौकोन थोडा ताण सोसतो. तिरका, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसा कापलेला त्रिकोण मुळीच सोसत नाही. गरम, ओलसर उरेब कडेवरून इस्त्री सरकवली की कड लांबते, आणि लांबलेली कड मूळ मापावर सहजी येत नाही. म्हणून इस्त्री उचलायची, सांध्यावर ठेवायची, क्षणभर दाबायची, पुन्हा उचलायची. फिरवायची नाही. ज्या वस्तूच्या नावातच ताणणे आहे, तिच्याकडून न ताणता काम करून घ्यायचे, अशी ही अट आहे.

कापडात काय घडते, हे समजून घेतल्यावर निवड थोडी सोपी झाली. सुती धागा सेल्युलोजचा. त्याच्या रेणूसाखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध असतात. पाणी आणि उष्णता मिळून ते बंध सैल करतात, आणि कापड कोरडे व गार होताना ते नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणजे सांधा इस्त्रीखाली असताना बसत नाही. इस्त्री उचलल्यावर, गार होत असताना बसतो. घाईने उचललेला गरम तुकडा हातात वाकतो आणि वाकलेलाच राहतो. थांबणे हाही या कामाचाच भाग आहे.

वजनाचेही तसेच. इंग्रजीत जुन्या लोखंडी इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत. त्यातल्या 'सॅड'चा अर्थ दुःखी नव्हे, तर जड, भरीव. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स या बाईंनी १८७१ साली काढता-घालता येणाऱ्या मुठीच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. तापलेल्या लोखंडापासून हात वाचावा, हा तिचा उद्देश. विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतले. आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांच्या कोळशाच्या इस्त्रीत मात्र वजन अजून शिल्लक आहे. तिच्यात दाब वस्तूचा असतो, मनगटाचा नसतो. नव्या इस्त्र्या हलक्या करण्याकडे कल आहे. सदऱ्यावर फिरवायला ते सोयीचे, पण सांधा दाबायला हलकी इस्त्री घेतली तर वजनाची उणीव खांद्याने भरून काढावी लागते.

दुकानात आकड्यांची भाषा सुरू झाली. मिनिटाला किती ग्रॅम वाफ, किती वॅट, तळाला किती छिद्रे. साधा हिशेब असा: एक ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २६०० ज्यूल लागतात. मिनिटाला २० ग्रॅम वाफ हवी असेल तर जवळजवळ ८७० वॅट केवळ पाण्यावर खर्च होतात. १२५० वॅटच्या इस्त्रीत मग तळ तापता ठेवायला चारशेही वॅट उरत नाहीत. सतत वाफ घेतली की तळ निवतो आणि वाफेऐवजी थेंब पडू लागतात. थेंब पडण्याचे दुसरे कारण म्हणजे कमी तापमान. बहुतेक वाफेच्या इस्त्र्यांना वाफ करण्यासाठी तळ बराच तापलेला लागतो. नायलॉन-पॉलिएस्टरच्या खुणेवर काटा ठेवून वाफ मागितली तर बऱ्याचदा पाणीच मिळते. त्यात पाणी जड असेल तर आत क्षार साचतात आणि तो थेंब मळकट तपकिरी होऊन उतरतो. पांढऱ्या धोतरावर पडलेला तसा डाग निघेलच, याची खात्री नाही. म्हणून टाकीत उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी घालावे, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करावी.

आता आमच्या कपड्यांकडे वळतो. निवड अखेर त्यांनीच केली. सुती लुगड्याला १८०-२०० अंशांची उष्णता चालते आणि ओले झाल्यावर सुती धागा उलट बळकट होतो. इरकलीच्या पदरात कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन होते. ते ओले झाले की दुबळे होते, त्यामुळे तिथे वाफ नको. पॉलिएस्टरला उष्णताच बेताची. जास्त झाली की कापड चकाकते, आक्रसते आणि शेवटी वितळते. ही पॉलिएस्टरची साडी आईंनी नोकरीला लागल्यावर घेतली होती. सकाळच्या बसआधी डबे, पाणी, तीन मुलांच्या वेण्या आणि दप्तरे. त्यात इस्त्रीला वेळ नव्हता. धुवायची, दोरीवर झटकून टाकायची आणि सकाळी नेसायची. जिने एका बाईला इस्त्रीतून सोडवले, ती साडी आता इस्त्रीच्या निवडीत सर्वांत मोठी अडचण झाली होती. पॉलिएस्टरचा चौकोन सुतीला जोडला की त्या सांध्याला सुतीची उष्णता देता येत नाही. दोघांपैकी नाजूक असेल त्याच्या सोसण्यावर काटा ठेवावा लागतो.

त्यामुळे आमच्या अटी अशा ठरल्या. वाफ पूर्ण बंद करता यावी. तळ सपाट, टोक निमुळते आणि छिद्रे शक्यतो कमी असावीत, कारण विरलेल्या कापडावर छिद्रांचे ठसे उमटतात. कमी तापमानाचा काटा विश्वासार्ह असावा. दुकानात हे कळत नाही, घरी पॉलिएस्टरच्या चिंधीवर पाहूनच कळते. थोडे वजन असावे. आयएसआयची खूण असावी. आडवी ठेवली तर थोड्याच वेळात आपोआप बंद होणारी इस्त्री गोधडीच्या कामात कंटाळवाणी वाटते, कारण शिवणे आणि दाबणे यांत अंतर पडते. पण टेबलावर दुसऱ्या कोणाचे तरी न मिळणारे कापड पडलेले असताना तो कंटाळा पत्करण्यासारखा आहे. वाफेचा जोर आमच्या यादीत सर्वांत शेवटी गेला. तिचा उपयोग एकाच ठिकाणी: पाठीसाठी आणलेल्या नव्या मांजरपाटाला. तो आधी धुऊन आटवून घ्यायचा आणि भरपूर वाफेने सरळ करायचा. जुन्या लुगड्यांना कोरडी इस्त्री, वरून किंचित ओलसर पातळ फडके. जिला जुने कापड जोडायचे आहे, तिने वाफ किती येते याआधी ती थांबते का, हे विचारावे.

एका बाबतीत मात्र आमच्यात मतभेद झाला. ट्रंकेत वर्षानुवर्षे राहिल्याने लुगड्यांवर घडीच्या रेषा पडल्या होत्या. नवीन साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण 'घडी मोडणे' म्हणतो, आणि पुष्कळ घरांत तो मान आपल्या माणसाला दिला जातो. इथे तर शेवटची घडी होती, आईच्या हातची. लेक म्हणाली, "अगं, या रेषा राहू देत. ही तिनं घातलेली घडी आहे." दुसरी म्हणाली, "राहू दिल्या तर चौकोन चौकोनात कापला जाणार नाही. आणि कापड पहिल्यांदा फाटतं ते घडीवरच." दोघींचेही खरे होते. काही दिवस लुगडी तशीच राहिली. मग एका काठाजवळ, लेकीनेच, कोरडी इस्त्री ठेवून पाहिली. दुमड गेली, रेषा गेली नाही. घडीच्या धारेवर रंग वर्षानुवर्षे झिजला होता, तो उष्णतेने परत येणार नव्हता. कापड सपाट झाले आणि घडी कुठे होती तेही दिसत राहिले. त्यानंतर कापायला सुरुवात झाली.

अमेरिकन साहित्य शिकवणाऱ्यांना इथे ॲलिस वॉकरची १९७३ सालची 'एव्हरीडे यूज' ही कथा आठवेल. आजीच्या कपड्यांच्या तुकड्यांतून झालेल्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या की अंगावर घ्यायच्या, यावरून तिथे दोन बहिणी समोरासमोर येतात, आणि आई त्या वापरणारीला देते. अलाबामातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या. त्या शिवल्या गेल्या होत्या थंडीसाठी. आमच्या तिन्ही गोधड्या वापरायच्याच आहेत. मग प्रश्न येतो: पहिल्या धुण्यात इस्त्रीचा सारा सपाटपणा जाणार, धावदोऱ्याभोवती कापड चुरमडणार, तर एवढे दाबायचे कशाला? उत्तर एवढेच की सपाटपणा जातो, जुळलेले कोपरे जात नाहीत. म्हणूनच थर एकत्र शिवून झाल्यावर गोधडीवर इस्त्री ठेवायची नाही. तिचे काम तोवर संपलेले असते.

आणि 'इस्त्री केलेली भाषा'? तो शब्दप्रयोग आम्ही वर्गातून हद्दपार करणार नाही. पण बायकांच्या तोंडच्या ओव्यांची संहिता संपादित करायला विद्यार्थ्यांना देतो, तेव्हा आता एक फरक सांगावासा वाटतो. फिरवणारी इस्त्री शब्द ताणून प्रमाण मापात बसवते. ठेवणारी इस्त्री फक्त सांध्यावर येते: एक ओवी कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, एवढे स्पष्ट करते आणि उचलली जाते. झिजलेली रेषा तिला पुसता येत नाही, आणि पुसायचीही नसते.

राहता राहिली माया. सांधा दाबताना ती गडद कापडाच्या अंगाला वळवायची, असा नियम आहे. फिक्या कापडाखाली गेली तर वरून तिची सावली दिसते. त्यामुळे तिन्ही गोधड्यांत धोतराची माया प्रत्येक ठिकाणी लुगड्याच्या अंगाला गेली आहे. थर शिवून झाल्यावर ती कोणाला दिसणार नाही. हात फिरवला, तर सांध्याच्या एका बाजूला किंचित जाड लागेल, इतकेच.