गळका बंब

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ऐन संध्याकाळी, आमचा बंब गळू लागला. ज्यांच्या न्हाणीघरात भिंतीवर विजेचा पांढरा डबा टांगलेला असतो, त्या वाचकांस या एका वाक्यातील अनर्थ उमगावयाचा नाही. तसा डबा पुण्यास माझ्याही घरी आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु कृष्णाकाठच्या गावी आमचे जुने घर आहे, तेथे माझी ऐंशी वर्षांची आई राहते, आणि तिच्या मते दिवाळीचे अभ्यंगस्नान म्हणजे बंबाच्या पाण्याचे. दुपारी तो चिंचेने घासून लखलखीत केला होता. त्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले होते, गळ्यात झेंडूची माळ होती. असा नटलेला बंब पाणी भरताच खालच्या राखेत टपटप अश्रू ढाळू लागला.

वस्तुतः बंबासारखे सरळ यंत्र दुसरे नाही. मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीभोवती पाणी. एवढ्याशा संसारात बिघडावयाचे ते काय? विस्तव धुमसू लागला तर जाळीखालची राख काढावी. पाणी तापण्यास वेळ लागू लागला आणि आतून खदखद आवाज येऊ लागला, तर विहिरीच्या जड पाण्याने आत चुन्याचे किटण धरले आहे असे समजून लिंबाचे सत्त्व घातलेले पाणी रात्रभर ठेवावे; किटणातून बुडबुडे निघू लागले की औषध लागू पडले. गळतीचे निदान मात्र अवघड. कित्येकदा ती गळतीच नसते! गार पाण्याने भरलेल्या बंबात ओली लाकडे पेटविली म्हणजे धुरातील वाफ नळीच्या थंड अंगावर निवते आणि तेच थेंब निखाऱ्यावर पडून चरचरतात. पाणी कोमट झाले की हा घाम आपोआप थांबतो.

परंतु आम्ही तर विस्तव घातलाच नव्हता. तेव्हा बंब रिकामा करून पुसला, आडवा केला, नळी आणि तळ जेथे जुळतात त्या सांध्यावर खडूची भुकटी चोळली आणि तोंडातून थोडे पाणी आत सोडले. पांढऱ्या भुकटीवर बोटभर लांबीची काळसर ओली रेघ उमटली. ती रेघ पाहताच कारण मला समजले, कारण तशी रेघ मी पूर्वी एकदा पाहिली होती.

हा सांधा शिसे-कथलाच्या डागाचा. असा डाग दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो, आणि निखाऱ्यांची आच तर त्याच्या कितीतरी पट. तरी तो टिकतो, कारण पलीकडे पाणी असते आणि पाणी शंभर अंशांपलीकडे तापत नाही. पाणी संपले की डागाचा पाठीराखा गेला. म्हणूनच आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, दंडक होता: जितके तांबे काढावेत, तितके आधी घालावेत. बाराव्या वर्षी मी हा दंडक मोडला, कोरड्या बंबाखाली विस्तव राहिला, आणि डाग ओघळला. अण्णांनी मला मारले नाही. हातगाडीवर बंब घालून तांबटाकडे नेला, काम होईपर्यंत मला तेथे उभे केले आणि पुढे दोन दिवस माझ्याशी शब्दही बोलले नाहीत. ते दोन दिवस मी चाळीस वर्षे विसरलो नाही.

मी मुलाला हाक मारली. सकाळी आजीला धुण्यासाठी पाणी काढून देताना बंब भरावयाचा राहिला, हे त्याने खाली मान घालून कबूल केले. आणि मी बोलू लागलो. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, थोरांनी जपलेल्या वस्तू—वर्गात सवय झालेला माणूस बोलू लागला की लवकर थांबत नाही. मुलगा एका शब्दाने न बोलता बंब उचलण्यास पुढे झाला.

वृद्ध तांबटकाका दुकान बंद करण्याच्या बेतात होते. सणाचे काम म्हणून त्यांनी नकार दिला नाही. भट्टी फुलवून ते सांधा खरवडू लागले आणि मधेच थांबले. "प्रोफेसरसाहेब, इथं आधी दोनदा डाग दिलाय. हा तुमच्या वेळचा, माझ्याच हातचा. हा खालचा त्याच्याही आधीचा, आमच्या वडिलांच्या हातचा दिसतो." मग नवसागराचा पांढरा धूर उठला, कथिलाची कांडी सांध्यावरून फिरली आणि पाण्यासारखी पसरली. हल्ली ते शिसे घालीत नाहीत. नुसते कथील, म्हणजे दोनशे बत्तीस अंशांचा आधार. तेवढाच नातवाच्या पिढीला अधिक.

घरी येऊन मी आईला त्या खालच्या डागाविषयी विचारले. ती वाती वळीत होती.

"तो ह्यांचा," ती म्हणाली. "तू व्हायच्या आधीचा. ओटीवर पेपर वाचत बसले आणि बंब विसरले. मामंजी काय बोलले म्हणून सांगू! तुझ्या वेळी मी म्हटलं, पोराला सांगा आपलंही असं झालं होतं. तर म्हणाले, नको, मग त्याला धाक राहणार नाही."

पहाटे चार वाजता मी उठलो, तो मुलगा आधीच बंबापाशी बसून करवंट्या घालीत होता. काल रात्रीपासून तो माझ्याशी कामापुरतेच बोलत होता. मी शेजारी पाटावर बसलो आणि त्याला आजोबांच्या वर्तमानपत्राची हकीकत सांगितली. मग माझी हातगाडीचीही सांगितली. ती त्याने माझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तो बराच वेळ हसला. मग त्याने एक तांब्या गार पाणी बंबात ओतले, एक तांब्या कढत पाणी माझ्या बादलीत काढले, आणि वाकून जाळीखाली पाहिले. राख कोरडी होती.